मेण वितळतं तेव्हा काय तुटतं?

सर: सहसंयुज संयुगांचे द्रवणांक आणि उत्कलनांक कमी असतात. ती मऊ असतात. वीज वाहून नेत नाहीत. पाण्यात सहसा विरघळत नाहीत. चार ओळी. फळ्यावर मावतात, मुलांच्या डोक्यात मावतात आणि घरातल्या बहुतेक वस्तूंना लागूही पडतात. मेण, कापूर, डांबरगोळी, तूप, सिलिंडरमधला गॅस. मग तुझी तक्रार काय आहे?

मी: तक्रार अशी, की याच चार ओळी पाठ करून आलेली मुलं मला सांगतात, ‘सहसंयुज बंध दुबळा असतो, म्हणून मेण लवकर वितळतं.’ हे वाक्य साफ चूक आहे, सर. आणि ते त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. त्या चार ओळींतून ते त्यांनी स्वतःच काढलेलं असतं.

सर तालुक्याच्या गावी आयुष्यभर दहावीला विज्ञान शिकवत आले आहेत. त्यांच्या वर्गात शिकलेली मी आता अभियांत्रिकीच्या मुलांना पदार्थांची रचना शिकवते. आमचा हा वाद जुना आहे आणि त्यात दोघंही हट्टी आहोत. शाळेतल्या रसायनशास्त्राची एक दुखरी जागा त्यात नेमकी सापडते असं मला वाटतं, म्हणून तो इथे मांडते आहे.

सर: दुबळा नाही हे कशावरून? मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. मिथेन उणे १६१ अंशांनाच उकळून वायू होतो. मुलानं काय समजायचं?

मी: मिथेन उकळतो तेव्हा काय होतं ते बघू. सोळा ग्रॅम मिथेन, म्हणजे एक मोल, द्रवाचा वायू करायला सुमारे आठ किलोज्यूल ऊर्जा लागते. त्याच सोळा ग्रॅममधले कार्बन आणि हायड्रोजन यांच्यामधले सगळे बंध तोडून सुटे अणू करायचे ठरवले, तर साडेसोळाशे किलोज्यूलच्या आसपास लागतात. दोनशे पट. म्हणजे मिथेन उकळला तेव्हा बंधांना धक्काही लागलेला नाही. आधी मिथेनचे रेणू एकमेकांना चिकटून होते, आता ते दूर झाले, एवढंच. सुटलं ते रेणू आणि रेणू यांच्यामधलं आकर्षण. ते खरंच क्षीण असतं. पण ते सहसंयुज बंध नव्हेत.

सर: आणि मिठात?

मी: मिठात सुटा रेणूच नाही. सोडियम आणि क्लोराईडचे आयन एकाआड एक, तिन्ही दिशांना. वितळवायचं तर ती सगळी रचनाच विस्कटावी लागते. आपण मिठाच्या बाबतीत आयनांमधल्या ओढीशी झगडतो आणि मिथेनच्या बाबतीत दोन रेणूंमधल्या जवळिकीशी. मग या दोन आकड्यांवरून बंधांची ताकद ठरवतो. तुलनाच चुकीच्या दोन गोष्टींची आहे. पाणी घ्या. शंभर अंशांना उकळतं. पण ती वाफ २,२०० अंशांपर्यंत तापवली, तरी शंभरातले सुमारे तीनच रेणू फुटतात. याला दुबळा बंध म्हणायचं?

सर: हे मला मान्य आहे. मला कधीच अमान्य नव्हतं. पण दहावीच्या मुलाला मोल, किलोज्यूल आणि बंधऊर्जा एका तासात सांगून बघ. तास पस्तीस मिनिटांचा असतो. हातात धरता येईल असं काहीतरी त्याला आधी मिळालं पाहिजे. रसायनशास्त्र पदार्थांपासून सुरू होतं, इलेक्ट्रॉनांपासून नाही. गिल्बर्ट लुईस यांनी इलेक्ट्रॉनांच्या सामायिक जोडीची कल्पना मांडली ती १९१६ साली. त्याआधी माणसांनी साबण केला, रंग केले, रबर कडक केलं. गुणधर्म माहीत होते, बंध माहीत नव्हते.

सरांचा हा मुद्दा मी हलका मानत नाही. पदार्थ हाताळण्याआधीच त्याचं चित्र काढायला शिकलेली मुलं मी रोज बघते. ती इलेक्ट्रॉनांचे ठिपके आणि फुल्या बिनचूक मांडतात आणि समोर ठेवलेला ग्रॅफाइटचा तुकडा ओळखत नाहीत.

मी: मग पदार्थांपासूनच सुरू करू. कोरडा बर्फ आणि वाळू. एक कार्बन डायऑक्साईड, दुसरा सिलिकॉन डायऑक्साईड. कार्बन आणि सिलिकॉन आवर्तसारणीत एकाच गणात, एकाखाली एक. दोन्हींत एकाला दोन ऑक्सिजन. एक उणे ७८ अंशांना घनरूपातून थेट वायू होतो. दुसरा वितळायला सुमारे १,७०० अंश लागतात. तुमच्या चार ओळी यावर काय म्हणतात?

सर: दुसरा अपवाद आहे असं म्हणतात.

मी: तिथेच माझं भांडण आहे. अपवाद म्हटलं की मूल विचार थांबवतं आणि नाव पाठ करतं. ‘हिरा, वाळू, सिलिकॉन कार्बाईड हे अपवाद.’ पण वाळूत कुठलाच नियम मोडलेला नाही. कार्बनचा अणू लहान. तो ऑक्सिजनशी दुहेरी बंध सहज करतो, दोन ऑक्सिजन घेऊन तृप्त होतो आणि रेणू तिथे संपतो. सिलिकॉनचा अणू मोठा. त्याचे ऑक्सिजनशी दुहेरी बंध नीट जमत नाहीत, म्हणून तो चार ऑक्सिजनांशी एकेरी बंध करतो. प्रत्येक ऑक्सिजन पुढच्या सिलिकॉनला धरतो. त्याला पुन्हा चार ऑक्सिजन. रेणू संपतच नाही. क्वार्ट्झचा अखंड स्फटिक म्हणजे एकच अवाढव्य रेणू म्हणायला हरकत नाही. तो वितळवायचा तर मात्र सहसंयुज बंधांनाच हात घालावा लागतो, आणि मग कळतं ते किती ताकदीचे आहेत.

सर: थांब. सिलिकॉन आणि ऑक्सिजनमधला बंध निव्वळ सहसंयुज कुठे आहे? ऑक्सिजन इलेक्ट्रॉन चांगलाच आपल्याकडे ओढतो. पाऊलिंग यांच्या हिशेबानं तो जवळजवळ निम्मा आयनिक ठरतो. मग तुझ्या वाळूचं श्रेय कुणाला द्यायचं?

मी: रास्त शंका आहे. म्हणून हिरा घेऊ. तिथे कार्बनला कार्बनच. ओढाताण शून्य.

हिऱ्यावर जरा थांबायला हवं, कारण सहसंयुज बंध पदार्थाला काय काय देऊ शकतो ते या एका खड्यात दिसतं. हिरा म्हणजे कार्बन हे इंग्लंडच्या स्मिथसन टेनंट यांनी १७९७ साली दाखवलं. हिरा जाळल्यावर त्यांना तेवढ्याच वजनाच्या कोळशाइतकाच कार्बन डायऑक्साईड मिळाला. आतली मांडणी मात्र १९१३ साली ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांनी उलगडली. प्रत्येक कार्बनभोवती चार कार्बन, चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर, सगळे सारख्याच अंतरावर. त्या मांडणीत सगळीकडे पक्के सहसंयुज बंधच, क्षीण दुवा कुठेच नाही. कठीणपणा तिथून येतो.

सर: आणि लोकांना वाटतं, हिऱ्यावर हातोडा मारला तरी तो फुटत नाही.

मी: फुटतो, आणि नेमक्या पातळीत फुटतो. दक्षिण आफ्रिकेत सापडलेला ३,१०६ कॅरटचा कलिनन हिरा १९०८ साली ॲमस्टरडॅममध्ये जोसेफ ॲशर यांनी पात्यावर घाव घालूनच दुभागला होता. ओरखडा न उमटणं वेगळं आणि घाव सोसणं वेगळं. सहसंयुज बंधाला दिशा असते. अणू जागचा सरकला की बंध ताणला जातो, आणि फार सरकला की तुटतो. नव्या शेजाऱ्याशी लगेच जुळवून घेणं त्याला जमत नाही. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या पत्र्यावर ठोके घालून घंगाळं घडवतात, कारण धातूतल्या बंधाला अशी ठरावीक दिशा नसते. अणूंचे थर सरकतात आणि तरीही धरून राहतात. हिऱ्याचं पातेलं कुणालाही ठोकून घडवता येणार नाही.

सर: वीज?

मी: वाहत नाही. चारही इलेक्ट्रॉन बंधांत अडकलेले. इथे तुमची ओळ बरोबर. पण उष्णता बघा. हिरा तांब्याच्या सुमारे पाचपट उष्णता वाहून नेतो. वीज न वाहणारा पदार्थ उष्णता मात्र धातूंपेक्षा चांगली वाहतो, कारण तिथे उष्णता इलेक्ट्रॉनांवरून जात नाही, बंधांच्या कंपनांवरून जाते. अणू हलके, बंध ताठ. एका टोकाचं कंपन दुसऱ्या टोकाला झटक्यात पोचतं. हिऱ्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १८ किलोमीटर आहे, पोलादापेक्षा तिपटीच्या आसपास. बंध किती ताठ आहे याचा यापेक्षा सरळ पुरावा मला माहीत नाही. सर सी. व्ही. रामन यांनी उगाच हिऱ्यांचा संग्रह जमवला नाही. प्रकाश टाकला की हिऱ्याचं ते कंपन रामन वर्णपटात एका धारदार रेषेत उमटतं, आणि आजही प्रयोगशाळा त्या रेषेवरून हिरा ओळखतात.

सर: मुंबईच्या हिरेबाजारात हिरा पेनसारख्या यंत्रानं, उष्णतेवरून ओळखतात.

मी: हो. गरम टोक खड्यावर टेकवायचं आणि उष्णता किती पटकन निघून जाते ते बघायचं. काच लगेच पकडली जाते. पण १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात मॉयसनाईट आला आणि ही यंत्रं फसू लागली. मॉयसनाईट म्हणजे सिलिकॉन कार्बाईड. अर्धे कार्बन, अर्धे सिलिकॉन, तसंच चतुष्फलकी जाळं, तसेच ताठ बंध. म्हणून उष्णताही तशीच वाहतो. मग व्यापाऱ्यांना खडा वीज वाहतो का हे बघणारी चाचणी जोडावी लागली. बंधाचा प्रकार मालाच्या किमतीपर्यंत पोचतो, सर. त्याला अपवादाच्या रकान्यात टाकून कसं चालेल?

सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. पण ते हरले होते असं नाही. ते पुढच्या मुद्द्याची जुळवाजुळव करत होते, आणि तो मुद्दा माझ्यापेक्षा भक्कम निघाला.

सर: तू म्हणतेस, बंध आणि रचना कळली की गुणधर्म कळतो. ग्रॅफाइट घे. पाठ्यपुस्तकात काय असतं? कार्बनचे षटकोनी थर, थरात पक्के सहसंयुज बंध, दोन थरांमध्ये क्षीण आकर्षण, म्हणून थर घसरतात, म्हणून ग्रॅफाइट वंगण. किती सुबक! आणि अपुरं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानं फार उंच उडू लागली, तेव्हा त्यांच्या जनरेटरमधले कार्बनचे ब्रश झपाट्यानं झिजून त्यांची भुकटी व्हायला लागली. तेच ग्रॅफाइट, तेच थर, तेच बंध. कमी झाली होती हवेतली वाफ. ग्रॅफाइट घसरायला पृष्ठभागावर पाण्याच्या वाफेचा थर लागतो, निर्वातात ते चांगलं वंगण राहत नाही, हे त्यातून कळलं. रचनेकडे नुसतं बघून हे कुणी सांगितलं असतं?

मी: नसतं सांगितलं.

सर: आता कापूर. आम्हाला बी.एस्सी.ला रास्टच्या पद्धतीनं रेणुभार काढायला लावायचे. पदार्थ कापरात मिसळायचा आणि कापराचा द्रवणांक किती उतरला ते मोजायचं. पाण्यात जेमतेम जाणवेल एवढा फरक कापरात वीसपट दिसतो, साध्या तापमापीनंही कळतो. कापरात दहा कार्बन. तेवढेच दहा कार्बन सरळ साखळीत असलेलं डेकेन उणे ३० अंशांना वितळतं. कापूर वितळतो सुमारे १७८ अंशांना! आणि उकळतो लगेच, दोनशेच्या थोडा पुढे. बंध दोन्हीकडे बहुतेक तेच. कार्बन-कार्बन, कार्बन-हायड्रोजन, कापरात एक ऑक्सिजन जास्त. मग दोनशे अंशांचा फरक कुठून आला?

मी: आकारातून. कापराचा रेणू गोलसर पिंजऱ्यासारखा आहे. घनरूपातही असे रेणू जागच्या जागी फिरत असतात. वितळल्यावर जी मोकळीक मिळायची, ती त्यांना बरीचशी आधीच मिळालेली असते. म्हणून वितळायला त्यांना जास्त तापमान लागतं. पेंटेनची भावंडंही तशीच. सरळ साखळीचं पेंटेन ३६ अंशांना उकळतं, गोळा झालेलं निओपेंटेन साडेनऊ अंशांना. एकमेकांना कमी स्पर्श, म्हणून लवकर उकळतं. पण वितळण्यात उलटं. साखळी वितळते उणे १३० अंशांना, गोळा उणे १७ च्या आसपास. रेणुसूत्र एकच.

सर: म्हणजे ‘सहसंयुज’ एवढं सांगून तू मला द्रवणांक सांगू शकत नाहीस.

मी: नाही सांगू शकत. पण सर, तो गोल आकार आणला कुणी? कार्बनचे चार बंध ठरावीक कोनांत निघतात म्हणूनच पिंजरा तयार झाला. बंध वितळताना तुटत नाही, तरी सगळं तोच ठरवून गेलेला असतो. मला एवढंच म्हणायचं आहे. सहसंयुज बंधाची ताकद वितळण्या-उकळण्यात बहुतेकदा दिसत नाही. दिसते ती त्याची दिशा. रेणू कुठे संपतो आणि त्याचा आकार कसा होतो, हे ती ठरवते. बाकीचं काम शेजारचे रेणू करतात.

इथे सर पहिल्यांदा पुढे सरकून बसले. या एका वाक्यासाठीच मी इतकी वर्षं वाद घालते आहे, आणि ते आपल्याला आधी का सुचलं नाही याचं त्यांना नवल वाटलेलं मला दिसलं. पण ‘हो’ म्हणणं हा त्यांचा स्वभाव नाही. त्यांनी पुरावा मागितला, तोही स्वयंपाकघरातला.

मी: अठरा कार्बनांची मेदाम्लं घ्या. स्टिअरिक आम्लात सगळे एकेरी बंध, साखळी सरळ. वितळतं सुमारे ६९ अंशांना. ओलेइक आम्लात मधोमध एक दुहेरी बंध, आणि तो असा, की साखळी तिथे वाकते. वाकलेले रेणू एकमेकांना खेटून बसत नाहीत, म्हणून ते १३-१४ अंशांनाच वितळतं. आता तोच दुहेरी बंध, त्याच जागी, पण दुसऱ्या बाजूला वळलेला ठेवा. साखळी पुन्हा जवळपास सरळ होते आणि द्रवणांक चढून ४५ अंशांच्या आसपास जातो. अणू तेवढेच. बंधही तेवढेच. फक्त दिशा बदलली.

सर: शेंगदाण्याचं तेल पातळ असतं, वनस्पती तूप घट्ट.

मी: तेच. तेलाला हायड्रोजन दिला की काही दुहेरी बंध जातात, आणि उरलेल्यांपैकी काही दुसरीकडे वळतात. मेद घट्ट होतो. वळलेल्या बंधांचे मेद हृदयाला घातक, म्हणून भारतात २०२२ पासून त्यांच्यावर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. एका बंधाचं वळण कायद्याच्या कक्षेत आलं.

सर: पण खोबरेल तेल? त्यात दुहेरी बंध जवळजवळ नाहीतच. तुझ्या हिशेबानं ते दगडासारखं हवं. आणि कोकणात ते थंडीच्या सकाळी गोठतं, उन्हं चढली की पातळ.

मी: साखळ्या आखूड आहेत म्हणून. त्यातलं प्रमुख आम्ल बारा कार्बनांचं. सरळ असली तरी आखूड साखळी शेजारच्या साखळीला धरून ठेवते तीही थोडीच. चोवीस-पंचवीस अंश पुरतात.

साखर पाण्यात विरघळते, हायड्रोजन क्लोराईडचं पाण्यातलं द्रावण वीज वाहतं, हे मुद्देही निघाले आणि लवकर मिटले. कुकरच्या मुठीवर मात्र सरांनीच बोट ठेवलं. ती मूठ बहुधा बेकेलाईटची असते. लिओ बेकलँड यांनी ते १९०७ साली तयार केलं. प्लॅस्टिकची बादली विस्तवाजवळ ठेवली तर मऊ पडते, कारण तिच्यातल्या लांब साखळ्या एकमेकींत नुसत्या गुंतलेल्या असतात, बांधलेल्या नसतात. बेकेलाईटमध्ये साखळ्यांना आडवे सहसंयुज बंध घालून सगळं एकत्र विणलेलं असतं. ते एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. फार तापवलं तर करपतं.

सर: रबराचंही तसंच. गुडइयर यांनी गंधक घालून चिकट रबर टिकाऊ केलं, तेव्हा त्यांना आडव्या बंधांची कल्पनाही नव्हती. बघ, पुन्हा माझाच मुद्दा. हात आधी, समज नंतर.

मी: आणि बंध त्याच्याही आधी.

सर: ते तू म्हणतेस. बरं, मी काय करू? फळ्यावरच्या चार ओळी पुसू?

मी: पुसू नका. पहिल्या ओळीत एवढीच दुरुस्ती करा. ‘सुट्या रेणूंच्या सहसंयुज पदार्थांचे द्रवणांक आणि उत्कलनांक कमी असतात.’ म्हणजे हिरा आणि वाळू अपवादांत जाणार नाहीत. आणि परीक्षेत एक प्रश्न विचारा. मिथेन उकळतो तेव्हा त्याच्या एका रेणूतले किती सहसंयुज बंध तुटतात?

सर: निम्मा वर्ग ‘चार’ लिहील.

मी: म्हणूनच विचारा.

सर: विचारतो. एक गुण. त्याखाली दोन गुणांचा: कोरडा बर्फ आणि वाळू यांच्या गुणधर्मांतल्या फरकाचं कारण द्या. ‘वाळू हा अपवाद आहे’ एवढंच लिहिलं तर शून्य.

मी: आणि कापूर?

सर: कापूर तासाला आणायचा. परीक्षानळीत घालून तापवायचा, वरच्या थंड भागात त्याचे स्फटिक जमू द्यायचे आणि मुलांना विचारायचं, हे जमलेलं आहे तो कापूरच आहे का, आणि कशावरून. त्याचं उत्तर तुझ्या अभियांत्रिकीच्या मुलांनी दिलं, तर मी तुझी दुरुस्ती चारही ओळींना लावतो.